घोट्यावरची रेघ

टण्णकन आवाज झाला आणि दुपारची सगळी शांतता फुटली. भांड्यांच्या जाळीत उभा ठेवलेला एक चमचा, कुणी हात न लावता, आपल्याच मनाने घसरून ताटावर पडला होता. ती लिहिता लिहिता थिजली. पलंगावर मुलगी झोपली होती, आणि मुलगी झोपलेली असण्याची वेळ म्हणजे चोरीचा माल. चोराने वापरावा तसा, श्वाससुद्धा जपून वापरायचा.

मुलगी उठली नाही. नुसती कूस बदलली, पांघरूण लाथाडून एक पाय बाहेर काढला आणि पुन्हा घोरायला लागली. एवढ्याशा नाकातून एवढा मोठा आवाज कसा निघतो हे घरातलं जुनं कोडं होतं. नाव लाडाचं खारूताई, आणि झोपली की ट्रॅक्टर, असं तिचा बाबा म्हणायचा.

ती मनातल्या मनात हसली आणि कागदाकडे वळली. कागदावर वर एकच शब्द होता: स्कॉल्ड.

ती शब्दकोशाच्या कचेरीत काम करायची. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचा अर्थ, त्याचं मूळ, त्याचा वापर मराठीत लिहायचा आणि पुढच्या शब्दाला हात घालायचा. या खेपेला वाटणीत जळण्याभाजण्याचे शब्द तिच्याकडे आले होते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणायची, तुझ्या बाजूने जाताना पदर सांभाळूनच जावं लागतं बाई. मराठीत या बाबतीत शब्दांची काही कमी नाही. आपण भाजतो, पोळतो, होरपळतो, करपतो, आपल्याला चटके बसतात, आणि यातला निम्मा भाग तर स्वयंपाकघराच्या बाहेरच घडतो. पण हा इंग्रजी शब्द हट्टी होता. त्याला फक्त ओली आग चालत होती. कढत पाणी, वाफ, उकळतं दूध. तव्याला हात लागला तर हा शब्द वापरायचा नाही. तव्यावरून उठलेल्या वाफेने हात पोळला तर वापरायचा.

शब्दाचं मूळ तिने मुलगी झोपताच लिहून टाकलं होतं आणि त्यावर ती खूश होती. मूळ लॅटिन. तिथे त्याचा अर्थ कढत पाण्याने न्हाऊ घालणं, धुऊन काढणं. तिथून तो शब्द जुन्या फ्रेंचमध्ये आला, तिथून इंग्रजीत. 'प्रवासात आंघोळ गळून पडली आणि पोळणं तेवढं उरलं,' असं तिने शेवटी लिहिलं होतं. संपादक ते वाक्य काढून टाकतील हे तिला माहीत होतं, तरी आज दुपारपुरतं ते तिचं होतं.

अडलं होतं ते पुढे. संपादकांचा एक नियम होता. शब्द शरीराशी संबंधित असेल तर वर्णन पुस्तकातून उतरवायचं नाही, स्वतः पाहिलेलं लिहायचं, आणि मग त्यातल्या जाणकाराला दाखवून आणायचं. "वाचून लिहिलेला अर्थ," ते म्हणायचे, "हा नेहमी..." आणि तिथेच थांबायचे. त्यांचं कुठलंच वाक्य पुरं होत नसे, म्हणून कचेरीत त्यांना माघारी सगळे स्वल्पविराम म्हणत. पण नियम मात्र पक्का होता. खाजेचा अर्थ लिहिणाऱ्याने खाजवलेलं असावं, उचकीचा अर्थ लिहिणाऱ्याने उचकी पाहिलेली असावी.

पोळलेलं तिने कुठे पाहिलं होतं? तिची नजर आपोआप पलंगावरच्या उघड्या पावलावर गेली.

डावा पाय. घोट्याच्या जरा वर एक रेघ होती. रेघेच्या वरची कातडी रोजची, खालची गुळगुळीत, फिकट, किंचित चकाकणारी. जणू कुणी लेकीच्या पायात पातळ मोजा घातला आणि काढायलाच विसरलं. रेघ पुढून, मागून, आतून, बाहेरून सगळीकडे सारखी होती. पट्टी धरून काढल्यासारखी. आईच्या डोळ्यांना ती इतकी सवयीची झाली होती की वर्णन करायला फार शोधावं लागलं नाही. तिने एका दमात लिहिलं: 'कढत द्रव सांडून पोळल्यास कातडीवर एकसारखा डाग राहतो. डागाची वरची कड सरळ असून ती अवयवाला वळसा घालून जाते. उदा. कपातला चहा सांडून मुलाचं पाऊल पोळलं.'

लिहून झाल्यावर तिला जरा लाजल्यासारखं झालं. आपल्या पोरीचा पाय आपण कोशात घातला. तिने उठून त्या पायाचा हलकेच पापा घेतला आणि पांघरूण सारखं केलं.

त्या पायाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. आई कचेरीत गेली होती आणि बाबा घरी होता. बाबा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. त्याच्या गाडीत शेजारच्या बाजूलाही ब्रेक होता आणि त्याचा जन्म त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसण्यात चालला होता. जगातल्या सगळ्या माणसांपेक्षा पोरगी त्याच्याजवळ सुखरूप, असं ती डोळे मिटून सांगायची. त्या दिवशी त्याचा फोन आला, घाबरू नकोस, पायावर थोडा चहा सांडलाय. ती धावत नाक्यावरच्या दवाखान्यात पोचली तेव्हा पायाला पट्टी बांधून झाली होती. मुलगी टॉवेलात गुंडाळलेली, रडून रडून थकलेली. तो भिंतीसारखा पांढरा. चहा ओतून टेबलावर ठेवला, तो म्हणाला, जरा वळलो, तेवढ्यात हिने कप ओढला. त्याची अवस्था अशी होती की तिने लेकीच्या आधी त्यालाच पाणी पाजलं.

पुढे ती गोष्ट मुलीची झाली. धड बोलायला लागल्यावर तिने सांगितलेली पहिली लांबलचक गोष्ट हीच. पाहुणे आले की ती पाय पुढे करायची आणि सांगायची, मी कप ओढला, कप गरम असतो, ओढायचा नसतो. पाहुणे म्हणायचे, शहाणी गं बाई. टेबलावर कप आले की ती आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहायची, कुणी न सांगता. आणि हट्टाला पेटलीच तर आईकडे हुकमी शस्त्र होतं: आठवतंय ना, कप ओढलास तेव्हा काय झालं? की पोरगी गार. हे शस्त्र तिने किती वेळा उपसलं असेल, देवच जाणे.

चहाची मात्र पोरीला मुळीच भीती नव्हती. भीती होती आंघोळीची. रोज सकाळी मोरीच्या दाराशी लढाई. आधी बोट बुडवणार, मग आईला बोट बुडवायला लावणार, मग विचारणार, नक्की गार आहे? पाण्याशी हिचं हाडवैर, मागल्या जन्मीची मांजर, असं म्हणून सगळे हसायचे. तीही हसायची.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी नोंद वाचली, आंघोळ गळून पडण्याच्या वाक्यावर पेन्सिल नेली, थबकले, आणि चक्क राहू दिलं. मग म्हणाले, डॉक्टरबाईंना एकदा दाखवून... आणि हाताने दाराकडे खूण केली.

डॉक्टरबाई इस्पितळातल्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागात होत्या. वर्षानुवर्षं कोशाचे वैद्यकातले शब्द त्या तपासून द्यायच्या, तेही दुपारच्या खाण्याच्या सुट्टीत, एका हातात डबा आणि एका हातात पेन्सिल धरून. गालातल्या गालात हसणाऱ्या, बोलायला मोकळ्या बाई. या, आज काय भाजून आणलंत, असं विचारत त्यांनी कागद घेतला. मुळापाशी आल्यावर त्या खुदकन हसल्या. म्हणाल्या, हे न्हाण्याचं मला ठाऊकच नव्हतं, इतकी वर्षं हाच शब्द लिहितेय मी. मग खालचं वर्णन वाचलं. डबा बाजूला ठेवला. पुन्हा वाचलं.

"हे कशावरून लिहिलंत?"

"पाहून," ती जरा अभिमानानेच म्हणाली.

"मग पाहिलंत ते खरं आहे. लिहिलंत ते चूक आहे."

त्यांनी कागदाच्या पाठीवर एक पाय काढला आणि समजावून सांगितलं. सांडलेला चहा पळतो. जिथे पडतो तिथे जास्त पोळतो, मग ओघळत खाली जातो, जाता जाता निवतो, म्हणून डाग खाली निमुळता होत जातो. कडा फाटक्या, आजूबाजूला शिंतोड्यांचे ठिपके. सांडलेलं पाणी सरळ रेघ कधी काढत नाही. सरळ रेघ काढतं ते साठलेलं पाणी. टब असेल, बादली असेल, पाय आत गेला की पाण्याची पातळी जिथवर, तिथवर मोजा घातल्यासारखा डाग.

ती मान डोलावत होती. तिने पेन्सिल उचललीसुद्धा होती. चूक सापडली की ती दुरुस्त करायची, हे हाताला इतकं वळण होतं की हाताने आधी 'सांडून' हा शब्द खोडला. मग 'कपातला चहा' खोडलं. त्या जागी काय लिहायचं म्हणून पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच राहिली.

पेन्सिलीचं टोक मोडलं तेव्हा तिला कळलं की आपण केवढ्या जोराने दाबतोय.

डॉक्टरबाईंनी ते पाहिलं. उठून दार लोटून घेतलं.

"मूल कुणाचं?"

"माझं."

"कोशाचं राहू द्या आता. मूल आत्ता कुणापाशी आहे?"

"तिच्या बाबाजवळ."

हे दोन शब्द ती रोज कुणाला ना कुणाला सांगायची. आज ते तोंडातून बाहेर पडले आणि तिचे तिलाच ऐकू आले.

बाईंनी विचारलं, दोन्ही पाय की एक? एक. डाग पुन्हा कधी, दुसरीकडे कुठे? नाही, कधीच नाही. बाई जरा सैल झाल्या. म्हणाल्या, मग बहुधा टेकवता टेकवताच उचललं असेल, धरून ठेवलेलं नसेल. चूकही असू शकते, चुकीने पोळलेली मुलं माझ्याकडे रोज येतात. पण कप नव्हता, एवढं पाणी सांगतंय. त्याच्यापुढचं मी सांगायचं नाही. घरी जा, विचारा. आणि उत्तर पटलं नाही तर मुलीला उचला आणि थेट इथे या, माझं नाव सांगा.

ती रस्त्यावर आली. दुकानं उघडी होती, माणसं चालत होती, एक जण शिडीवर चढून पाटी रंगवत होता. सगळं होतं तसंच होतं आणि तिला त्याचाच धक्का बसत होता. एवढं मोठं काही घडलंय आणि पाटी रंगवणाऱ्याचा हातही थांबत नाही. तिला आठवला तो टॉवेल. चहा सांडलेलं मूल टॉवेलात का असेल? तेव्हा वाटलं होतं, चहा पुसला असेल, कपडे काढले असतील. केस ओले होते. ओले केस तिने स्वतःच्या हाताने मागे सारले होते. घरी आल्यावर तिने टेबलही पुसलं नव्हतं, कारण पुसायला काही नव्हतं. चहाचा डाग नाही, फुटका कप नाही, चिकट फरशी नाही. सगळं डोळ्यांसमोर होतं. आणि काल दुपारी, मुलगी हाताच्या अंतरावर घोरत असताना, कढत पाण्याने न्हाऊ घालणं हे तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, वर त्यावर खूश झाली होती.

आजवर तिला वाटायचं, आपल्याला काही कळायचं राहिलं तर ते लपवलेलं असतं म्हणून. उघड्यावर पडलेलं न दिसायला काय लागतं? फार काही नाही. सांगणारा आपला असावा लागतो.

घरी बाबा आणि मुलगी जमिनीवर बसून काड्यापेट्यांच्या मोटारी लावत होते. तो तिला दोन गाड्यांच्या मधे तिसरी उलटी कशी घालायची ते शिकवत होता. आरशात बघ, मग वळव, घाई कुणाला आहे? आई दारात दिसली तसा तो तिच्याकडे बघून हसला, आज लवकर, असं म्हणाला. तिने चपलाही काढल्या नाहीत. जरा गॅलरीत ये, म्हणाली.

गॅलरीचं दार तिने ओढून घेतलं. येताना तिने बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एकही तोंडात आलं नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "पाणी जास्त तापलं होतं, की गार घालायचं राहिलं?"

कुठलं पाणी, असं त्याने विचारलं असतं तर ती अजूनही माघारी फिरली असती. डॉक्टरबाईंना खोटं ठरवलं असतं, कातडीला खोटं ठरवलं असतं. त्याने विचारलं नाही. त्याने कठडा धरला.

"राहिलं," तो म्हणाला.

मग तो बोलत राहिला, बाहेरच्या रस्त्याकडे बघत. टबात गरम पाणी सोडलं होतं, गार सोडणार तेवढ्यात फोन आला. त्याची एक शिकाऊ बाई परीक्षेच्या रांगेत उभी होती आणि तिचे हातपाय गळाले होते. फोन खांद्यात धरून तो तिला समजावत होता, घाबरू नका, क्लच हळू सोडा, मी शेजारी बसलोय असं समजा. समजावता समजावताच त्याने लेकीला उचललं आणि टबात उतरवलं. एक पाय आत गेला. त्याने तिथल्या तिथे वर घेतलं, पण पाण्याला तेवढं पुरलं. ती बाई परीक्षा पास झाली, तो म्हणाला, आणि हे आपण का सांगतोय ते न कळल्यासारखा थांबला.

दवाखान्यात कंपाउंडरने विचारलं, कशाने? त्याच्या तोंडून चहा निघाला. का निघाला, ते त्याला आजही सांगता येत नव्हतं. ज्याच्या जिवावर लोक आपली पोरं शिकायला गाडीत बसवतात तो माणूस, आणि पोटच्या पोरीला उकळत्या पाण्यात उभं करतो, हे त्या कंपाउंडरला सांगायला जीभ वळली नाही. तिला संध्याकाळी सांगू असं वाटलं. संध्याकाळी तिने त्याला जवळ घेतलं, उगी म्हणाली, पोरांचं असंच असतं म्हणाली. मग उद्या सांगू असं वाटलं.

तिला वाटलं होतं आपण ओरडू. ओरडायला आतून काहीच येत नव्हतं. हात घसरतो, माणूस चुकतो, भाजणं ती आज ना उद्या पचवूही शकली असती. कढत होतं ते वेगळंच होतं.

"चहा निघाला तो निघाला," ती म्हणाली. "कप ओढणारा हात तिचा का निघाला?"

"तिला बोलता येत नव्हतं गं तेव्हा धड. मला वाटलं, विसरून जाईल."

"ती विसरली होती. आपण पाठ करून घेतलं."

आपण म्हणताना तिचा आवाज फाटला, कारण शब्द बरोबर होता. त्याने एकदाच सांगितलं होतं. घोकून घेतलं होतं तिने. हट्ट मोडायला, जेवण संपवायला, पाहुण्यांपुढे मिरवायला. पोरीचे ते पाठीमागे बांधलेले हात तिला दिसले. एवढंसं पोर आपल्याच पायाचं गुन्हेगार होऊन घरात वावरत होतं, आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या दोघांपैकी कुणीही ब्रेक दाबला नव्हता.

त्याचे डोळे वाहत होते. तिने पुसले नाहीत. आज तिला ते जमणार नव्हतं, उद्याचं उद्या. घरात तो राहील की काही दिवस भावाकडे जाईल, पोरगी पुन्हा त्याच्याजवळ एकटी ठेवायची की नाही, हे सगळं आ वासून पुढे उभं होतं. पण त्याच्या आधी एक काम होतं आणि ते आणखी एक रात्रही थांबवायचं नव्हतं. पोरीला सांगायचं, ती म्हणाली, आत्ता.

मी सांगतो, तो म्हणाला. आत जाऊन लेकीसमोर उकिडवा बसला. खारूताई, ऐक ना, म्हणाला. मुलीने त्याच्या ओल्या तोंडाकडे निरखून पाहिलं, आपली सगळ्यात चांगली काड्यापेटी उचलली आणि त्याच्या हातात ठेवली. रडू नको, तुझी गाडी नीट लागली होती. त्याने ती काड्यापेटी मुठीत घट्ट धरली. त्याला काही जमेना.

मग ती खाली बसली. चप्पल पायात तशीच. तिने लेकीचा डावा पाय मांडीवर घेतला आणि त्या रेघेवर हात ठेवला, जसं कुणी वाचता वाचता चालू ओळीवर बोट ठेवतं.

"हे तू केलं नाहीस, राणी. तू कप ओढला नव्हतास. आई चुकीचं सांगत होती. इतके दिवस चुकीचं सांगत होती."

मुलगी विचारात पडली. एवढी मोठी, नीट पाठ केलेली, सगळ्यांनी शाबासकी दिलेली गोष्ट. तिने आधी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं, उलटेसुलटे करून. मग आईकडे पाहिलं. मग बाबाकडे, आणि पुन्हा आईकडे.

"मग कोणी ओढला?"